पॅरोलची फाइल कोण वाचतो? : अभिवचन रजेचा भारतीय इतिहास

प्रस्तावना

बेंगळुरूच्या दक्षिण भागात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना जे. पी. नगर हे नाव रोजच्या बोलण्यातले आहे. फेज, मेन, क्रॉस असा पत्ता सांगताना 'जे. पी.' म्हणजे कोण, हा प्रश्न सहसा पडत नाही. मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील स्थानकाला मात्र पूर्ण नाव आहे : जयप्रकाश नगर. या वसाहतीला ज्यांचे नाव दिले आहे ते जयप्रकाश नारायण १२ नोव्हेंबर १९७५ रोजी चंदीगड येथील स्थानबद्धतेतून तीस दिवसांच्या पॅरोलवर बाहेर आले होते. जे. पी. नगरपासून पूर्वेला काही किलोमीटरवर परप्पन अग्रहार येथे बेंगळुरूचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथील शिक्षाबंद्यांचे पॅरोलचे अर्जही आज कोणाच्या तरी टेबलावर पडलेले असतात.

पॅरोलचा विषय सहसा कायद्याच्या अंगाने शिकवला जातो. या टिपणात आपण तो इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. बंद्याचा अर्ज वाचून, चौकशी करून, 'सोडावे' किंवा 'सोडू नये' असे मत लिहिणारा माणूस हा या इतिहासाचा केंद्रबिंदू आहे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत या कामासाठी केस मॅनेजर नेमलेला असतो. आपल्याकडे या नावाचे पद रूढ नाही. पण काम आहेच, आणि ते अनेक टेबलांवर वाटले गेले आहे. निर्णय कोणी घेतला, किती वेळात घेतला आणि कोणती कारणे देऊन घेतला, या तीन प्रश्नांवर बंद्याचे भवितव्य कसे ठरत आले, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे.

काही संज्ञा

प्रथम शब्द नेमके करून घेऊ. 'पॅरोल' हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'दिलेला शब्द' असा आहे. महाराष्ट्राच्या कारागृह प्रशासनात त्यासाठी 'अभिवचन रजा' ही संज्ञा वापरतात. परत येण्याचे वचन देऊन मिळालेली रजा, हा अर्थ मराठी संज्ञेत तंतोतंत उतरला आहे. जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण, मृत्यू यांसारख्या विशिष्ट कारणासाठी ती दिली जाते.

'फर्लो' म्हणजे 'संचित रजा'. ठराविक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वर्तन चांगले असल्यास ती मिळू शकते. तिच्यासाठी वेगळे कारण दाखवावे लागत नाही. घरदार, मुलेबाळे यांच्याशी नाते तुटू नये आणि दीर्घ कारावासाचा मनावर होणारा परिणाम कमी व्हावा, हा तिचा हेतू आहे.

'जामीन' ही न्यायालयाने दिलेली सुटका होय. पॅरोल आणि फर्लो प्रशासन देते. शिक्षेतील 'माफी' आणि 'मुदतपूर्व सुटका' हे आणखी वेगळे विषय आहेत, कारण त्यांत शिक्षाच कमी होते. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत या सर्व संज्ञांची सरमिसळ होते. विद्यार्थ्यांनी ती टाळावी.

जगातील आरंभ

शिक्षा संपण्यापूर्वी अटींवर सोडण्याची आधुनिक कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे. १८४० मध्ये अलेक्झांडर मॅकोनोकी हे ऑस्ट्रेलियाजवळील नॉरफोक बेटावरील कैदी वसाहतीचे प्रमुख झाले. काम आणि वर्तन यांवर गुण द्यायचे आणि पुरेसे गुण जमले की बंधने सैल करायची, अशी पद्धत त्यांनी आणली. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी तिला टप्प्यांची रीतसर व्यवस्था दिली आणि सुटलेल्या माणसावर देखरेखही ठेवली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या सुधारगृहाने पॅरोलला संस्थेचे रूप दिले. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने पॅरोल मंडळ आले.

या पद्धतींमुळे एक नवा कागद जन्माला आला. न्यायालयाच्या निकालपत्रात माणसाने काय केले ते लिहिलेले असते. पॅरोलच्या फाइलमध्ये तो आता कसा आहे आणि पुढे कसा वागेल, हे लिहावे लागते. भूतकाळाला पुरावा मागता येतो, भविष्यकाळाला फक्त अंदाज. म्हणून फाइल लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी ठरते.

भारतात १८९४ च्या कारागृह कायद्याचा भर शिस्त आणि बंदोबस्त यांवर होता. अंदमानात काही वर्षांनंतर कैद्याला तुरुंगाबाहेर राहून पोट भरण्याची मुभा देणारी पद्धत होती, पण ती वसाहतीच्या गरजेतून आलेली होती. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले आणि दीर्घ शिक्षांचा फेरविचार करणाऱ्या मंडळांची सूचना केली. माणूस बदलू शकतो ही गोष्ट तेव्हा सरकारी कागदावर आली. ती जमिनीवर करून दाखवली ती मात्र एका लहानशा मराठी संस्थानाने.

बेंगळुरूहून औंधला : स्वतंत्रपूरचा प्रयोग

१९३० च्या दशकात मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंते बेंगळुरूमध्ये म्हैसूर संस्थानाचा विजेच्या साहित्याचा कारखाना चालवत होते. गांधीविचारांकडे ओढले गेलेले हे गृहस्थ पुढे 'भारतानंद' या नावाने ओळखले गेले. औंध संस्थानाचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि ते बेंगळुरूहून औंधला आले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच सुमारास, १९३९ मध्ये, प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती.

त्याच वर्षी आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. हा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीशिवाय आणि बेड्यांशिवाय राहू लागले. ते शेती करत आणि त्यांची कुटुंबे त्यांच्यासोबत राहू शकत. कैद्याला घरी पाठवण्याऐवजी येथे घरच कैद्याजवळ आणले होते. पळून न जाण्याचा शब्द एवढेच कुंपण होते. 'अभिवचन' या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ सापडणे कठीण आहे.

आटपाडी परिसराशी नाते असलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगाच्या आधारे कथा लिहिली. तिच्यावर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात तो गौरवला गेला. चित्रपटात एक ध्येयवेडा अधिकारी दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापुढचा प्रश्न विचारावा. असा अधिकारी बदलून गेल्यावर काय होते? माणसाच्या भलेपणावर चाललेली व्यवस्था टिकवायची तर तिला नियम लागतात.

१९५९ चे नियम : कागदाचा प्रवास

मुंबई राज्याने १९५९ मध्ये फर्लो आणि पॅरोलचे नियम केले. १९६० मध्ये राज्याचे विभाजन झाल्यावर हे नियम महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत चालू राहिले. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्याने कर्नाटकाचे नियम वेगळे आहेत, पण कागदाचा प्रवास सगळीकडे साधारण सारखाच असतो.

बंदी अर्ज करतो. कारागृह अधीक्षक त्याची शिक्षा, भोगलेला काळ, वर्तन आणि यापूर्वी रजेवरून तो वेळेवर परतला की नाही, याची माहिती जोडतात. मग कागद बंद्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात जातो. तेथे जामीनदार होणाऱ्या नातेवाइकाचा जबाब घेतात आणि गावात शांतता राहील का, याबद्दल अहवाल लिहितात. तो वरिष्ठांच्या शिफारशीसह परत येतो. महाराष्ट्रात संचित रजेचा निर्णय कारागृह विभागाचे वरिष्ठ अधिकारी घेतात. अभिवचन रजेचा निर्णय प्रामुख्याने महसूल प्रशासनाकडे, म्हणजे विभागीय आयुक्तांकडे राहिला आहे. मंजुरी मिळाली की जातमुचलका आणि जामीन घेऊन बंद्याला सोडतात.

या साखळीत बंद्याला रोज पाहणारा माणूस निर्णय घेत नाही आणि निर्णय घेणाऱ्याने बंद्याला बहुधा पाहिलेले नसते. मधल्या पोलीस अहवालात 'शांतता भंग होण्याची शक्यता आहे' हे एक वाक्य आले की अर्ज थांबतो. ते वाक्य गावातील खऱ्या वैरावरून लिहिले आहे की मागच्या अहवालावरून उतरवले आहे, हे वरच्या टेबलावर कळत नाही. फेटाळलेल्या अर्जांविरुद्ध बंदी उच्च न्यायालयात जातात तेव्हा वाद पुष्कळदा याच एका वाक्याभोवती फिरतो.

याच नियमांतील नियम १७ सांगतो की या नियमांमुळे बंद्याला फर्लो मागण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. म्हणजे रजा ही सवलत आहे. पण सवलत देतानाही मनमानी चालत नाही, आणि या दोन विधानांमधल्या जागेतच पुढचा सारा न्यायालयीन इतिहास घडला.

आणीबाणी : एकच दार उरते तेव्हा

२६ जून १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांना दिल्लीत अटक झाली. त्याच दिवशी बेंगळुरूमध्ये संसदीय समितीच्या कामासाठी आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते यांनाही पकडण्यात आले. दंडवते बेंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात होते. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते पुण्याच्या येरवडा कारागृहात होत्या. दोन तुरुंगांतील या पतिपत्नींचा संसार त्या काळात पत्रांवर चालला.

हे शिक्षाबंदी नव्हते. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे 'मिसा'खाली, ते स्थानबद्ध होते. कायद्यात केलेल्या बदलांमुळे स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचेही बंधन सरकारवर उरले नाही. २८ एप्रिल १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदीप्रत्यक्षीकरणाचा मार्गही बंद केला. न्यायालयाचे दार बंद झाल्यावर उरली ती तात्पुरत्या सुटकेची तरतूद, आणि ती पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर होती. पॅरोल केवळ कृपा असेल तर काय होते, हे या काळातील दोन प्रकरणांतून दिसते.

पहिले प्रकरण स्वतः जयप्रकाशांचे. बिहारमध्ये पूर आला तेव्हा मदतकार्यासाठी त्यांनी पॅरोल मागितला होता. तो मिळाला नाही. पुढे त्यांची प्रकृती ढासळत गेली. चंदीगडचे तत्कालीन जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांच्यावर त्यांच्या स्थानबद्धतेची जबाबदारी होती. त्यांनी प्रकृतीची खरी स्थिती दिल्लीपर्यंत पोहोचवली आणि सुटकेसाठी पाठपुरावा केला. त्या दिवसांची हकीकत त्यांनी पुढे पुस्तकात लिहिली. पॅरोलवर सुटल्यानंतर जयप्रकाशांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. तरीही त्या चार वर्षांत त्यांनी जनता पक्षाची जुळवाजुळव आणि १९७७ चे सत्तांतर पाहिले. फाइल वेळेवर हलवणारा एक अधिकारी असल्याने काय साधले, ते यावरून लक्षात येते.

दुसरे प्रकरण बेंगळुरूचेच आहे. 'संस्कार' या गाजलेल्या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री आणि नाट्यकर्मी स्नेहलता रेड्डी यांना मे १९७६ मध्ये अटक झाली. बडोदा डायनामाइट प्रकरणाशी त्यांचा संबंध जोडण्यात आला, पण आरोपपत्रात त्यांचे नाव आले नाही. तरी मिसाखाली त्या बेंगळुरूच्या कारागृहातच राहिल्या. त्यांना दम्याचा जुना विकार होता आणि कोठडीत तो बळावत गेला. रात्रीच्या शांततेत त्यांचा आक्रोश ऐकू येत असे, असे त्याच कारागृहात असलेल्या मधू दंडवते यांनी पुढे नोंदवले. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोल मिळाला. २० जानेवारीला त्यांचे निधन झाले.

कागदोपत्री दोन्ही प्रकरणांत निकाल एकच आहे : पॅरोल मंजूर. पण स्नेहलता रेड्डी यांच्या वाट्याला त्या मंजुरीतून पाच दिवस आले. एखाद्या राज्यात किती अर्ज मंजूर झाले याचे कोष्टक पाहताना अभ्यासकाने मंजुरीला किती दिवस लागले हेही विचारले पाहिजे. आई अत्यवस्थ असल्याचे कारण देऊन केलेला अर्ज तिच्या तेराव्यानंतर मंजूर झाला, तर तो नाकारल्यासारखाच असतो. स्नेहलता रेड्डी आणि दंडवते होते ते जुने कारागृह आज 'फ्रीडम पार्क' या नावाने लोकांसाठी खुले आहे. बेंगळुरूच्या विद्यार्थ्यांनी ते एकदा जाऊन पाहावे.

कृपेपासून कारणांपर्यंत

आणीबाणीनंतर कारागृहांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय समितीने १९८३ मध्ये तुरुंग सुधारणांवर सविस्तर अहवाल दिला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाने १९९० पासून तुरुंगात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेले. बंद्याचे घर, वकील आणि सुटकेनंतरचा आसरा यांचा माग ठेवणारे त्यांचे काम आपल्याकडच्या केस मॅनेजरच्या कामाला सर्वांत जवळचे म्हणता येईल.

२०१७ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा गंभीर आहे एवढ्याच कारणाने पॅरोल नाकारू नये. बंदी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता आणि त्याच्यातील सुधारणा हे दोन्ही तपासावे. २०२१ मध्ये गुजरातमधील प्रकरणात १९५९ च्या याच नियमांचा अर्थ लावताना फर्लो हा निरपवाद हक्क नसल्याचे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे अधिकाऱ्याचे काम ध्यानात येते. नकार देता येतो, पण त्याला त्या बंद्यापुरते खरे असलेले कारण लागते.

करोनाकाळात या कामाची मोठी परीक्षा झाली. कारागृहांतील गर्दी कमी करण्यासाठी महाराष्ट्राने ८ मे २०२० रोजी नियम बदलून आपत्कालीन अभिवचन रजा आणली. सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या बंद्यांसाठी, मागील दोन रजांवरून वेळेवर परतलेला असावा, अशी अट होती. अट वाजवी वाटते. पण जो कधी रजेवर गेलाच नव्हता त्याचे काय? तो वेळेवर परतल्याचा दाखला कोठून आणणार? काही ठिकाणी असे अर्ज फेटाळले गेले. दोनदा रजेवर गेलेल्यांनाच ही अट लागू होते, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने लावला तेव्हा गुंता सुटला. नियमाचा शब्द वाचला आणि हेतू वाचला नाही, की असा पेच पडतो.

रजेचा हिशेबही महत्त्वाचा आहे. १९५९ च्या नियमांनुसार संचित रजेचा काळ शिक्षेत धरला जातो, अभिवचन रजेचा धरला जात नाही. गोव्यातील शिक्षाबंद्यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्णय दिला. मुदतपूर्व सुटकेसाठी लागणारी चौदा वर्षे मोजताना पॅरोलवरचे दिवस वगळावेत, असे त्यात ठरले.

फाइलमध्ये नसलेला माणूस

आतापर्यंत आपण बंद्याच्या बाजूने पाहिले. पण गुन्ह्याने पोळलेले कुटुंबही त्याच गावात, कधी त्याच आळीत राहत असते. आरोपी गल्लीत परत दिसला म्हणून दार लावून बसणाऱ्या माणसाची भीती खोटी नसते. रजेवरून न परतणारे बंदी आहेत, रजेच्या काळात घडलेले गुन्हेही आहेत. अशा घटनांनंतर नियम कडक होतात. महाराष्ट्रात २०१६ मध्ये बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांतील बंद्यांच्या रजेवर निर्बंध आले.

गुजरातमधील २००२ च्या दंगलीतील एका सामूहिक अत्याचाराच्या आणि हत्यांच्या खटल्यातील अकरा शिक्षाबंद्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतपूर्व सोडण्यात आले. तो विषय माफीचा होता, पॅरोलचा नव्हे. पण धडा आपल्या विषयाशी निगडित आहे. खटला मुंबईत चालला होता. त्यामुळे निर्णयाचा अधिकार गुजरातला नसून महाराष्ट्राला होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती माफी रद्द केली. फाइल मुळात चुकीच्या टेबलावर वाचली गेली होती.

समारोप

स्वतंत्रपूरमध्ये विश्वास होता, पण तो काही माणसांच्या चांगुलपणावर उभा होता. १९५९ च्या नियमांनी त्याला चौकट दिली, पण चौकटीत कागद अडकू लागला. आणीबाणीने दाखवले की कारणे सांगण्याचे बंधन गेले की पॅरोल सत्तेच्या हातची वस्तू होतो. त्यानंतरच्या निकालांनी निर्णयाला कारणांची सक्ती केली. वेळेची तेवढी सक्ती मात्र अजून सर्वत्र मुरलेली नाही.

हे काम पुढे करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक अर्जापुढे काही प्रश्न ठेवावेत. अर्जाचे कारण कोणत्या तारखेपर्यंत जिवंत आहे? पोलीस अहवालातील भीती कोणाची आहे, आणि ती कोणाशी बोलून लिहिली आहे? पीडित कुटुंबाला विचारले आहे का? मागच्या रजेतील उशीर एक दिवसाचा होता की एक वर्षाचा, आणि तो का झाला? जामीनदार मिळत नाही तो बंदी धोकादायक आहे, की नुसता गरीब? आणि अर्ज नाकारायचा असेल, तर लिहिलेले कारण त्या बंद्याला समोर बसवून वाचून दाखवता येईल का?

सरावासाठी प्रश्न

१. अभिवचन रजा आणि संचित रजा यांतील फरक हेतू, कारण आणि शिक्षेचा हिशेब या तीन मुद्द्यांवर स्पष्ट करा.

२. स्वतंत्रपूरच्या प्रयोगातील 'विश्वास' आणि १९५९ च्या नियमांतील 'पडताळणी' यांची तुलना करा.

३. 'उशिरा मिळालेला पॅरोल हा नाकारलेला पॅरोल होय.' आणीबाणीतील दोन प्रकरणांच्या आधारे चर्चा करा.

४. तुमच्या जिल्ह्यातील पॅरोलचा अर्ज कोणकोणत्या कार्यालयांतून जातो, याचा तक्ता तयार करा आणि तो कोठे रखडण्याची शक्यता आहे ते दाखवा.